पाहुणा आणि पाहणे

‘पाहुणा’ आणि ‘पाहणे’ या दोन शब्दांची कुळे निराळी आहेत. संस्कृतातील ‘प्राघुण’ प्राकृतात ‘पाहुण’ झाला आणि मराठीत ‘पाहुणा’ म्हणून स्थिरावला. डोळ्यांच्या व्यापाराशी त्याचे काही नाते नाही. वर्गात शिकवताना हा भेद मी आवर्जून सांगत असे, कारण ध्वनिसाम्यावरून अर्थ जुळवण्याचा मोह विद्यार्थ्यांना फार असतो. परंतु २०२० च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशात मी अठरा दिवस काढले, आणि तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या मनात एकमेकांना बिलगून बसले आहेत. पाहुण्याने किती पाहावे, काय पाहू नये, आणि जे पाहिले त्यावर त्याचा हक्क कितपत, हा प्रश्न तिकडे मला पडला. खरे म्हणजे तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माझ्याच प्रांतात पडायला हवा होता. तेव्हा तो पडला नाही, याची रुखरुख या लेखनामागे आहे.

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. तिकडच्या काजू कारखान्यांना कोकणातले बी पुरत नाही. पश्चिम आफ्रिकेतून जहाजाने येणाऱ्या कच्च्या बियांवर त्यांचे बरेच काम चालते. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड दोन्ही किनाऱ्यांवर रुजले आणि आता त्यांच्यात देवघेव आहे. माझा भाचा याच व्यापारात असून हंगामापूर्वी सौदे ठरवण्यासाठी तो बांजुलला जाऊन राहतो. निवृत्तीनंतर दुर्बीण गळ्यात अडकवून तळ्यांच्या काठाने हिंडण्याचा छंद मला जडल्याचे त्याला ठाऊक होते. “आत्या, तू चलच,” तो म्हणाला. “मी माझे काजू बघतो, तू तुझे पक्षी बघ.”

गांबिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश. क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेली एक अरुंद पट्टी, तिन्ही बाजूंनी सेनेगल आणि चौथीकडे अटलांटिक महासागर. नदी हाच देश आहे असे म्हटले तरी चालेल. तिच्या मुखाशी खारफुटीची वने, मधल्या भागात पाणथळी, वर गोड्या पाण्याचे काठ, आणि आसपास भुईमुगाची शेते व विरळ झाडीची माळराने. या विविधतेमुळे एवढ्याशा भूमीवर साडेपाचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. आपल्या खंडप्राय भारतात ही संख्या तेराशेच्या घरात जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. १९६५ साली हा देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षी स्वीडनमधून पर्यटकांची पहिली तुकडी तेथे उतरली. तेव्हापासून नोव्हेंबर ते एप्रिल हा युरोपातील गोठलेल्या महिन्यांचा काळ म्हणजे तेथील पाहुण्यांचा हंगाम. भुईमुगाखालोखाल पाहुणा हेच तेथले पीक, असे भाचा म्हणे. त्या वर्षी ते पीक धोक्यात होते. २०१९ च्या सप्टेंबरात ‘थॉमस कुक’ ही जुनी ब्रिटिश प्रवासी कंपनी बुडाली होती आणि तिच्या विमानांनी येणारे पाहुणे येईनासे झाले होते. समुद्रकाठच्या खानावळींत खुर्च्या रिकाम्या दिसत.

पहिल्याच दिवशी हॉटेलात एक घडीचे माहितीपत्रक हाती आले. त्याच्या डाव्या पानावर पक्षी होते आणि उजव्या पानावर उत्सव: एकीकडे निळ्या-हिरव्या वेड्या राघूंची रांग, दुसरीकडे तांबड्या सालींनी आपादमस्तक झाकलेली एक मनुष्याकृती, दोन्ही हातांत कोयते. दोहोंखाली एकाच ठशात ‘अवश्य पाहा’ अशा अर्थाचे शब्द होते. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

पक्ष्यांनी मला प्रथम परके वाटू दिले नाही. कोटू नावाच्या खाडीवरील एका लहान पुलापाशी पक्षी दाखवणारे वाटाडे गिऱ्हाइकांची वाट पाहत बसलेले असतात. तेथे उभी राहिले, तो तारेवर कवड्या खंड्या बसलेला. पुलाखालून तारांसारखी लांब शेपटी मिरवत भिंगऱ्या ये-जा करत होत्या. तशाच मी नीरा नदीवर पाहिल्या होत्या. पुढे गायबगळे, शेकाटे, हुदहुद, पोपट आणि एका वाळक्या फांदीवर चक्क शिक्रा! सहा-सात हजार मैल ओलांडून जावे आणि दारात गावचीच माणसे भेटावीत, तसे झाले. गोरख चिंचेची प्रचंड खोडे तर जागोजाग. ही आपल्याकडे आफ्रिकेतून आलेली पाहुणी. तिला तिच्या माहेरी भेटले.

त्या पुलावर आम्ही एक वाटाड्या ठरवला. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडपातळ, बोलणे अत्यंत मोजके. मांडिंका घराण्यातला, वडील भुईमुगाची शेती करत. पक्ष्यांची इंग्रजी आणि लॅटिन नावे त्याला मुखोद्गत होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेला क्लाइव्ह बार्लो प्रभृतींचा गांबिया-सेनेगलच्या पक्ष्यांवरील ग्रंथ त्याने इतका वापरला होता की पाने दोऱ्याने शिवावी लागली होती. मला तो पहिल्या दिवसापासून ‘ममा’ म्हणू लागला. झुडपातला एक करडा-पिवळट इवलासा पक्षी दाखवून तो एकदा म्हणाला, “हा एप्रिलात युरोपला परत जाईल.” मग थोड्या वेळाने, दुर्बीण पुसत: “माझा धाकटा भाऊ २०१६ साली गेला. वाळवंटातून, लिबियाच्या वाटेने.” मी त्याच्याकडे पाहिले. “पोहोचला,” तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

अबुको हे तेथील जुने अभयारण्य. लामिन गावालगतच्या ओढ्याचे पाणी शहराला पुरवले जाई, म्हणून १९१६ पासून त्या झाडीला कुंपण होते. झाडी राहिली म्हणून जनावरे राहिली. १९६८ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि १९७७ साली राष्ट्राध्यक्ष दाऊदा जवारा यांनी ‘बांजुल जाहीरनामा’ काढून वन्य जीवांच्या रक्षणाचे वचन दिले. जवारा पेशाने पशुवैद्य होते, हे येथे आठवते. ते अरण्य एक चौरस किलोमीटरहून थोडेसेच मोठे आहे. पण आत शिरले की ऊन एकदम मागे राहते, आणि डोहाच्या काठी सुसर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली दिसते. जांभळ्या तुराकोचे रक्तवर्ण पंख उडताना क्षणभर उघडतात, तेवढेच त्याचे दर्शन.

तेथे एक प्रसंग घडला. आमच्याबरोबर दोन युरोपीय गृहस्थ होते. एकाच्या वहीत पाहायच्या पक्ष्यांची यादी होती. त्यांना ‘ओरिओल वॉर्बलर’ नावाचा पक्षी हवा होता. पिवळे अंग, काळे डोके, दाट जाळीत लपून राहणारा. नर-मादी मिळून असे काही सूर लावतात की एकाचे कोठे संपले आणि दुसऱ्याचे कोठे सुरू झाले, ते समजत नाही. अर्धा तास थांबूनही तो दिसेना. तेव्हा वाटाड्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्याच पक्ष्याचा मुद्रित आवाज लावला. मोजून दोन मिनिटांत जाळी हलली. पक्षी बाहेर आला, मान उंचावून इकडेतिकडे पाहू लागला, गाऊ लागला. त्याच्या मालकीच्या हद्दीत कोणी परका शिरला आहे अशी त्याची समजूत झाली होती. गृहस्थांचे कॅमेरे कडकडले. तीनदा आवाज लावल्यावर वाटाड्याने मोबाइल खिशात घातला. यादीवाल्या गृहस्थांनी आणखी एकदा, असा आग्रह धरला; त्याने नम्रपणे मान हलवली. “तो आता दिवसभर शोधत बसेल,” तो म्हणाला. “त्याला खायलाही हवे.” घरट्यांच्या दिवसांत तो हा उपाय मुळीच करत नाही, हे त्याने मला नंतर सांगितले. सगळेच वाटाडे असे नसतात, हेही सांगितले.

पक्षी काही आपल्यासाठी गात नाही, तो पाहणाऱ्याला ओळखतही नाही, म्हणून पक्षिनिरीक्षण हे पाहण्याचे सर्वांत निष्पाप रूप, अशी माझी तोवर समजूत होती. त्या जाळीपाशी तिला तडा गेला. पक्ष्यालाही प्रयोग करायला लावता येते. फक्त त्याचाच आवाज त्याच्यावर उलटवावा लागतो. तो मुद्रित आवाज ऐकताना माझ्या मनात दुसरेच एक यंत्र फिरू लागले होते. त्याच्याकडे मी पुढे येईन.

दोन दिवसांनी बोटीने जुफुरे येथे गेलो. अॅलेक्स हेली या अमेरिकन लेखकाचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढल्याच वर्षी त्यावरील दूरदर्शन-मालिका कोट्यवधी लोकांनी पाहिली, आणि नदीकाठचे हे खेडे जगाच्या नकाशावर आले. १७६७ साली येथून पकडून नेलेला कुंता किंते हा आपला पूर्वज, असे हेलींनी सांगितले. त्यासाठी त्यांनी या गावातील एका वृद्धाच्या तोंडून ऐकलेल्या वंशकथेचा आधार घेतला. मांडिंका समाजात ‘जाली’ असतात. घराण्यांच्या कुळकथा सांगणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम. एकवीस तारांचा कोरा हाती घेऊन ते पिढ्यानुपिढ्यांची नावे गातात. आपल्याकडील भाट आणि शाहीर आठवावेत असे हे लोक. परंतु १९८१ साली डोनाल्ड राइट या इतिहासकाराने दाखवून दिले की हेलींना कथा सांगणारा वृद्ध खऱ्या अर्थाने जाली नव्हता, आणि हेलींना काय ऐकायचे आहे याची वार्ता त्यांच्या आधी त्याच्यापर्यंत पोहोचलेली होती. पाहुण्याला जे हवे ते यजमानाने दिले.

समीक्षक म्हणून ही हकीकत मला पूर्वीपासून परिचित होती, आणि तिच्या बळावर जुफुरेकडे मी थोड्या वरच्या पायरीवरून पाहणार होते. पण नदीतल्या त्या बेटावर माझी पायरी सुटली. पूर्वी त्याचे नाव जेम्स बेट. २००३ साली ते जागतिक वारसास्थळ झाले आणि २०११ मध्ये त्याला कुंता किंतेचे नाव देण्यात आले. किल्ल्याच्या भिंती, चार-दोन गोरख चिंचा, आणि लाटांनी खाऊन टाकलेले काठ. गुलामांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात लोखंड, मद्य यांच्या जोडीला हिंदुस्थानातील सुती कापडही असे. तेव्हा त्या दगडांपुढे मी अगदीच तिऱ्हाईत होते, असेही म्हणता येत नाही. आमच्या बोटीत अमेरिकेहून आलेली माझ्याच वयाची एक कृष्णवर्णी स्त्री होती. ती भिंतीला हात लावून पुष्कळ वेळ उभी राहिली. तिच्या पूर्वजाचे नाव कोणत्याही जालीला ठाऊक असणे शक्य नव्हते. कथा प्रमाणित नसेल. पण ती ज्या जागी जाऊन बसली, ती जागा रिकामी होती आणि कोणती तरी कथा तिथे हवीच होती. १९९६ पासून गांबियात ‘मुळांचा उत्सव’ भरवला जाऊ लागला तो अशाच माणसांसाठी. त्यात सरकारचा हिशेब नव्हता असे नाही. १९९४ च्या लष्करी उठावानंतर पर्यटक घटले होते आणि यह्या जामे यांच्या राजवटीला, जी पुढे २०१७ पर्यंत चालली, पाहुणेही हवे होते आणि प्रतिष्ठाही हवी होती. तरी त्या स्त्रीचा भिंतीवरचा हात कोणत्याही राजवटीच्या हिशेबात बसणारा नव्हता.

यानंतर आम्ही नदीच्या वरच्या अंगाला निघालो. वाटेत फाराफेनीचा पूल लागला. २०१९ मध्ये तो होईपर्यंत लोक तराफ्यासाठी तासन् तास तिष्ठत. पुढे काऊरच्या पाणथळीत तो प्रसिद्ध ‘मगर-पक्षी’ पाहिला. करड्या-काळ्या रेघांचा, आखीव. सुसरीच्या जबड्यात शिरून तिचे दात साफ करणारा म्हणून हेरोडोटसने ज्याची गोष्ट सांगितली तो हाच, असे पुष्कळांनी मानले. त्याला असे करताना पाहिल्याचा विश्वसनीय पुरावा मात्र नाही. तो जे खरोखर करतो ते अधिक नवलाचे आहे: अंडी वाळूत पुरून ठेवतो, आणि ऊन तापले की पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्यांच्यावर बसतो. ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही.

जांजानबुरे हे नदीतल्या एका बेटावरचे जुने गाव. तेथे अलीकडच्या वर्षांत कांकुरांगचा उत्सव भरवू लागले आहेत. कांकुरांग म्हणजे माहितीपत्रकाच्या उजव्या पानावरची ती आकृती. मांडिंका मुलांच्या सुंतेनंतर त्यांना काही काळ वेगळे ठेवून वडीलधारे त्यांना जगण्याचे नियम शिकवतात. त्या काळात दुष्ट शक्तींपासून त्यांचे रक्षण करणारा आणि गावात शिस्त राखणारा हा मुखवटाधारी. फारा नावाच्या झाडाच्या तांबड्या सालीने त्याचे सगळे अंग झाकलेले असते. आत कोण आहे हे कोणी विचारायचे नाही. दोन कोयते एकमेकांवर आपटत, तीक्ष्ण किंकाळ्या फोडत तो येतो, आणि स्त्रिया व दीक्षा न झालेली मुले घरात पळतात. रात्री येणाऱ्या सर्वांत प्रबळ कांकुरांगला ‘फांबोंदी’ म्हणतात. त्याच्यापुढे पुरुषांनीही बाहेर राहायचे नसते. २००५ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून घोषित केले, आणि २००८ मध्ये तिचा प्रातिनिधिक यादीत समावेश झाला.

उत्सवाचे मैदान आपल्याला ओळखीचे वाटेल असेच होते. मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा ध्वनिक्षेपक, प्रमुख पाहुण्यांची लांबलेली भाषणे. मग कुतिरो ढोल वाजू लागले. जोला लोकांचा कुंपो आला, ताडाच्या पात्यांनी झाकलेला, डोक्यावरच्या काठीभोवती गरगरणारा; सिंहाचे सोंग आले; आणि शेवटी कांकुरांग. तो रिंगणात धावला, कोयते आपटले, किंचाळला. पुढच्या रांगेतल्या स्त्रिया खुर्च्यांवरून थोड्या मागे सरल्या, आणि हसल्या. मुले त्याच्या मागे धावत होती. मी साठ-सत्तर छायाचित्रे काढली. मला ते आवडले, हे प्रामाणिकपणे सांगते. पण मनातल्या मनात मी निकालही देऊन टाकला होता. विधी मैदानात आला की त्याचा प्राण जातो, असे मी अनेक चर्चासत्रांत म्हटले होते. त्याला आणखी एक उदाहरण मिळाले, एवढेच.

परतीच्या वाटेवर आम्ही वाटाड्याच्या सासुरवाडीला एक रात्र राहिलो. खेडे लहान, नाव येथे देत नाही. सुगी संपली होती, आणि गावात काही मुलांचा तो विधी चालू होता. संध्याकाळी अंगणात आम्ही पाच-सहा बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. वेंगुर्ल्याच्या घरी काजूगर सोलत बसायचो तशाच. भाषा येत नव्हती, पण हातांचे काम एकच असल्याने अडत नव्हते. दिवस बुडाला. एकाएकी दूरवर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून एक किंकाळी.

मैदानात मी ती किंकाळी ऐकली होती. पण येथे सगळे अंगण एका क्षणात उठले. वाटाड्याच्या सासूने माझे मनगट धरले आणि काही न बोलता मला आत ओढले. सुपे, शेंगा, मुले, सगळे आत आले, दार लागले, कंदील विझवला गेला. माझ्या पिशवीत कॅमेरा होता आणि खिडकीच्या फळीला बोटभर फट होती. हे मी लिहिते आहे, कारण पहिली नजर माझी त्या फटीकडेच गेली. चाळीस वर्षांचा अभ्यासाचा सराव होता तो. शेजारी बसलेल्या म्हातारीने अंधारातच माझा चेहरा दुसरीकडे वळवला, अगदी हळूच, एखाद्या लहान मुलीचा वळवावा तसा. पावले घराजवळून गेली. कोयत्यांचा आवाज भिंतीतून अंगात उतरला. लहान मुलांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मग आवाज लांब गेला. कोणी तरी सुस्कारा टाकला, आणि ती म्हातारी दबक्या आवाजात काही म्हणाली. त्यावर सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अंधारातच पुन्हा शेंगा फोडण्याचा आवाज सुरू झाला.

ती काय म्हणाली, हे मी सकाळी वाटाड्याच्या बायकोला विचारले. ती थोडी थबकली, मग इंग्रजीत म्हणाली, “आजी म्हणाली, याची चाल ओळखीची आहे.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते. आत कोण आहे, हे कदाचित सगळ्याच बायकांना ठाऊक असते. ठाऊक असूनही त्या पाहत नाहीत. आणि त्यांच्या न पाहण्यावरच तो कांकुरांग उभा असतो. मी समजत होते की स्त्रियांना त्या विधीतून वगळले आहे. वगळले आहे हे खरेच, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण बंद दाराआड, विझवलेल्या कंदिलापाशी त्या जे करत होत्या, तोही विधीचाच भाग होता. मैदानात आम्ही सर्व काही पाहिले आणि कशातही सहभागी झालो नाही. येथे मी काहीच पाहिले नाही, आणि त्या रात्रीपुरती मी त्या घरातली होते.

वाटाड्याला मी विचारले, “मैदानातला तो आणि रात्रीचा हा, यांत खरा कोणता?” प्रश्न त्याला आवडला नसावा. “मैदानातला पाहुण्यांसाठी,” तो म्हणाला. “रात्रीचा आमच्यासाठी.” आणि मग, मी मान डोलावते आहे असे पाहून: “पण ममा, माझा मुलगा सेरेकुंडाला मोबाइल दुरुस्त करतो. मैदानातला नसता तर तो कांकुरांग बघायला जांजानबुरेला आला असता का, मला सांगता येत नाही. तो आला, आणि मग येथेही आला. काल रात्री तो त्या मुलांबरोबर होता.” माझा चर्चासत्रांतला निकाल इतक्या साध्या वाक्यांनी कोणी खोडला नव्हता. जो पाहुण्यांना मैदानात बोलावतो आणि घरातला कंदील विझवतो, त्याला काय दाखवायचे आणि काय नाही, याची समज आहे. ती समज जोवर यजमानाच्या हाती आहे, तोवर मैदानाला भिण्याचे कारण नाही. पक्ष्याच्या हाती ती नसते. म्हणून तिसऱ्यांदा मोबाइल खिशात घालणारा वाटाड्या लागतो.

आता ते दुसरे यंत्र. १९८६ साली मी पीएच.डी.साठी स्त्रीगीते गोळा करत मराठवाड्यातल्या खेड्यांतून हिंडत होते. खांद्याला टेपरेकॉर्डर असे. एका गावी एका वृद्ध गाणारणीने बाळाच्या पाचवीच्या रात्री सटवाईसमोर म्हणायचे एक गाणे मला ऐकवले. दिवसा म्हणायचे नाही आणि पुरुषाच्या कानी पडू द्यायचे नाही, असा तिच्या घरचा नेम होता. “तू लेकीसारखी, म्हणून,” ती म्हणाली. यंत्र चालू आहे हे तिला दिसत होते. त्याचा अर्थ तिला कळत होता की नाही, हे मी विचारले नाही. गाणे प्रबंधात गेले, पुढे ग्रंथात गेले. परीक्षकांनी नेमके त्याच गाण्याचे कौतुक केले. दोघेही पुरुष होते. ग्रंथाची प्रत घेऊन मी मोठ्या उत्साहाने तिच्याकडे गेले. नातीने तिला वाचून दाखवायला सुरुवात केली, भर दुपारी, ओसरीवर. म्हातारीने हाताने थांबवले. “आता ते रातीचं राहिलं न्हाई,” एवढेच म्हणाली, आणि मला चहा करायला उठली. त्या वाक्यावर मी पुष्कळ वर्षे विचार करायचे टाळले. तिचा आवाज मी तिच्यावर उलटवला होता.

गांबियाहून मी परतले आणि दोन महिन्यांत महामारीने विमाने थांबली. कोटूच्या पुलावरचा बाक रिकामा पडला असणार. वाटाड्याने मधून मधून निरोप पाठवले: पाहुणे नाहीत, वडिलांच्या शेतात भुईमूग लावला आहे, अबुकोतल्या पायवाटेवर माकडे बसतात. पाहुणे नसल्याने पक्षी सुखी झाले असतील, असे मला सुचले होते. ते मी त्याला लिहिले नाही. रखवालदाराचा पगारही पाहुण्याच्याच तिकिटातून येतो.

त्यानंतर एका संस्थेचे पत्र आले. जुनी ध्वनिमुद्रणे संगणकावर आणून अभ्यासकांना खुली करायची होती. माझ्याजवळच्या बारा कॅसेटी त्यांना हव्या होत्या. काम निःसंशय चांगले आहे. मी अकरा दिल्या. बारावी घेऊन, प्रवास सुरू झाल्यावर, त्या गावी गेले. गाणारीण कधीच गेली; तिची नात आता स्वतः आजी झाली आहे. तिला सगळे सांगितले: कॅसेट आहे, संस्था मागते आहे, दिली तर कोणालाही कधीही ऐकता येईल, आणि निर्णय तिचा आहे. तिने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“हे लावायचं यंत्र न्हाई आमच्याकडं,” ती म्हणाली.

मी म्हटले, मी पाठवीन. तिने थोडा वेळ विचार केला.

“नगं. गाणं मला येतंय,” म्हणाली, आणि कॅसेट आत, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवून आली.